आरसीसीबी वारंवार पडते आणि कारण सापडत नाही? न्यूट्रल तपासा

पाऊस लागला की ही तक्रार सुरू होते. मध्यरात्री घराची लाईट जाते, खिडकीतून बघावं तर शेजाऱ्यांकडे पंखे फिरतायत. डीबी (कळांची पेटी) उघडली की वरची रुंद कळ, म्हणजे वीजगळती झाली की पडणारी आरसीसीबी, खाली पडलेली. वर केली तर कधी राहते, कधी हात काढायच्या आत टप्पकन खाली येते. वायरमन येतो त्या दिवशी नेमकं सगळं व्यवस्थित असतं. तो दोनचार स्क्रू आवळतो, "आरसीसीबीच गेलीय तुमची" म्हणून नवी बसवतो, आणि पुढच्या सरीला नवीही पडते.

नवी आणूनही पडतेय याचा अर्थ जुनी बरोबर काम करत होती. दोष घरात कुठेतरी आहे. तो शोधायचा एक ठरलेला क्रम आहे आणि बरेच वायरमन तो पाळतातही. पण त्या क्रमात एक फसवी जागा आहे, आणि ती न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरची. वीज आणणाऱ्या फेजच्या मागे दिवसभर फिरायचं आणि न्यूट्रलकडे ढुंकूनही बघायचं नाही, यामुळेच हा दोष महिनोन्महिने सापडत नाही.

आधी नेमकं काय पडलं ते बघा

फोनवर सगळे "एमसीबी पडली" म्हणतात. डीबीत मात्र वेगवेगळ्या कळा असतात. ओळीने बसलेल्या अरुंद कळा एमसीबी, एकेका सर्किटच्या. दुप्पट रुंद (थ्री फेज घरात चौपट) आणि 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असलेली आरसीसीबी. बरेच जण तिला अजून ईएलसीबीच म्हणतात. टेस्ट बटण नसलेली रुंद कळ बहुधा नुसता मेन स्विच असतो, तो आपणहून पडत नाही.

एमसीबी पडत असेल तर मामला सोपा आहे. वर करताक्षणी पडली तर शॉर्ट: फेज आणि न्यूट्रल कुठेतरी थेट भेटलेत, किंवा फेज अर्थिंगला किंवा अर्थिंग केलेल्या बॉडीला टेकलाय. दहावीस मिनिटांनी किंवा तासाभराने पडली तर ओव्हरलोड. एमसीबीच्या पोटात दोन वेगळ्या यंत्रणा असतात. एक कॉइल, ती मोठा झटका आला की क्षणात कळ पाडते. दुसरी दोन धातूंची पट्टी, ती जादा करंटने हळूहळू तापून वाकते आणि मग कळ पडते.

या पट्टीमुळेच "उगाच कधीतरी पडते" ही तक्रार येते. स्वयंपाकघराचं उदाहरण घ्या. इंडक्शन २००० वॅट, मायक्रोवेव्ह १२०० वॅट, इलेक्ट्रिक किटली १५०० वॅट. तिन्ही एकदम चालू म्हणजे ४७०० वॅट. २३० व्होल्टने भागलं की सुमारे २०.४ अँपिअर. एमसीबी १६ अँपिअरची. आपल्याला वाटतं, १६च्या वर गेलं की लगेच पडायला हवी. तसं नसतं. मानकाप्रमाणे १६ची एमसीबी १८ अँपिअरला तासभर पडता कामा नये, आणि २३ अँपिअरला तासाभरात पडलीच पाहिजे. मधल्या पट्ट्यात ती कधी पडेल हे पट्टी आधी किती तापली होती, डीबीत किती उकाडा आहे, यावर ठरतं. म्हणून सोमवारी पडली नाही आणि मंगळवारी पडली, तरी एमसीबी खराब झालेली नसते. किटली दुसऱ्या सर्किटवर न्या.

आणि १६ची पडते म्हणून ३२ची बसवू नका. एमसीबी भिंतीतल्या वायरला सांभाळते. वायर २.५ स्क्वेअर मिलिमीटरचीच ठेवून ३२ची एमसीबी लावली की वायर भिंतीच्या आत तापत राहते आणि एमसीबी निवांत बघत बसते. लोड कमी असूनही एमसीबी पडत असेल तर तिचा स्क्रू सैल असण्याची शक्यता मोठी. सैल जोडावर उष्णता तयार होते आणि तिनेच ती पट्टी वाकते. डीबीजवळ जळका वास, वायरच्या टोकाचा रंग काळपट, ही त्याची खूण.

एमसीबीचं एवढंच. खरा डोक्याला ताप आरसीसीबीचा आहे.

आरसीसीबी काय मोजते

आपल्या घरात वीज दोन वायरींनी खेळते. रोहित्रापासून (ट्रान्सफॉर्मरपासून) फेज निघतो, मीटर, डीबी, बटण असं करत पंख्यापर्यंत येतो आणि पंख्यातून न्यूट्रलने परत रोहित्राकडे जातो. ही फेरी पूर्ण झाली तरच पंखा फिरतो. बटण ही फेरी एका जागी तोडतं, एवढंच त्याचं काम. यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की रोहित्रापाशी न्यूट्रल जमिनीत गाडलेला असतो. त्यामुळे करंटला परतीची आणखी एक वाट मिळते: ओली भिंत, लोखंडी गेट, गिझरची टाकी, किंवा अनवाणी उभा असलेला माणूस, तिथून जमीन, आणि जमिनीतून रोहित्र.

आरसीसीबी ही दुसरी वाट पकडते. तिच्या आत एका लोखंडी कड्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. गेला तेवढाच करंट परत आला तर कड्यात काहीच घडत नाही. कमी परत आला तर तेवढ्या फरकाने कड्यावरच्या बारीक कॉइलमध्ये करंट तयार होतो आणि कळ पडते. सहलीला मुलं नेणारे मास्तर गड चढताना डोकी मोजतात आणि उतरल्यावर पुन्हा मोजतात, तसंच. किती मुलं गेली याच्याशी तिला देणंघेणं नाही, हरवलं कोण एवढंच ती बघते. म्हणूनच ती ओव्हरलोडला पडत नाही. आणि म्हणूनच तुमचा एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, पायाखाली कोरडं लाकूड असलं, तर तुम्हाला शॉक बसत असताना ती पडणार नाही. तिच्या हिशेबाने सगळं परत येतंय.

घरगुती आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे ०.०३ अँपिअर. हा आकडा माणसाच्या जिवावरून ठरलाय. त्याच्या वर करंट अंगातून काही काळ वाहिला तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका वाढत जातो. ३० मिलिअँपिअरला ती ०.३ सेकंदाच्या आत पडायला हवी. प्रत्यक्षात मानक तिला १५ ते ३० यांच्यामध्ये कुठेही पडायची मुभा देतं, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन आरसीसीबी वेगवेगळ्या ठिकाणी पडू शकतात. नवी बसवल्यावर "आता कमी पडते" असं वाटण्याचं कारण पुष्कळदा हेच.

आता थोडा हिशेब. २३० व्होल्टला ०.०३ने भागलं तर साधारण ७,७०० ओहम येतात. म्हणजे फेजपासून जमिनीपर्यंतचा अडथळा साडेसात-आठ हजार ओहमवर उतरला की आरसीसीबी पडते. चांगल्या वायरिंगमध्ये हाच आकडा निदान दहा लाख ओहम, म्हणजे एक मेगओहम हवा. वायरमनचा सिरीज बल्ब, म्हणजे लाईनमध्ये जोडून शॉर्ट तपासायचा बल्ब, इथे कुचकामी ठरतो. शंभर वॅटचा बल्ब नीट पेटायला ४३५ मिलिअँपिअर लागतात; ३० मिलिअँपिअरला त्याची तार लालही होत नाही. बल्ब पेटला नाही म्हणजे "लाईन क्लिअर" असं वायरमन सांगतो ते शॉर्टच्या बाबतीत खरं, गळतीच्या बाबतीत अजिबात नाही.

घरच्या घरी करता येण्यासारखा शोध

तुम्ही फक्त कळा आणि प्लग हाताळायचे. डीबीचं झाकण काढू नका. आरसीसीबी पडलेली असली तरी तिच्या येणाऱ्या बाजूला २३० व्होल्ट असतातच.

सगळ्या एमसीबी खाली करा. आरसीसीबी वर करा. राहिली तर एकेक एमसीबी वर करत जा, प्रत्येकीनंतर थोडं थांबा. जिला वर केल्यावर आरसीसीबी पडते, ते सर्किट संशयित. त्या सर्किटवरच्या सगळ्या उपकरणांचे प्लग काढा. बटण बंद करून भागणार नाही, पिन सॉकेटमधून बाहेर आली पाहिजे. बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल आणि अर्थिंग तसेच जोडलेले राहतात. प्लग काढल्यावर आरसीसीबी टिकली तर एकेक उपकरण लावून बघा, जे लावल्यावर पडते ते दुकानात न्या. प्लग काढूनही पडली तर दोष वायरिंगमध्ये किंवा कायम जोडलेल्या वस्तूत आहे: गिझर, एक्झॉस्ट फॅन, टाकीची मोटर, बाहेरचे दिवे.

पावसाळ्यात मी बाहेरून आत यायला सांगतो. गेटच्या खांबावरचा दिवा, गच्चीवरच्या टाकीची मोटर, बोअरच्या पंपाच्या केबलचा जोड, गॅलरीतला वॉशिंग मशिनचा सॉकेट, सीसीटीव्हीचा अॅडॉप्टर जो कुणीतरी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला असतो, दाराबाहेरचं बेलचं बटण. पिशवीत गुंडाळलेला जोड उघड्यापेक्षा वाईट, आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही. गणपतीत भर पडते ती माळांची: पातळ वायर, टेपचे जोड, खाली ओली फरशी किंवा लोखंडी ग्रिल. गणपतीच्या दिवसांत आरसीसीबी पडायला लागली तर सगळ्यात आधी माळा काढून बघा, बाकी काही शोधूच नका.

इथपर्यंतचा शोध फेजच्या गळतीचा आहे आणि तो बहुतेकांना जमतो. पुढचा जमत नाही.

एमसीबी पाडल्या, तरी न्यूट्रल जोडलेलाच

घरातल्या बहुतेक एमसीबी एकाच वायरच्या असतात. त्या फेज तोडतात. सगळ्या सर्किटचे न्यूट्रल डीबीत एका पितळी पट्टीवर एकत्र येतात आणि तिथून आरसीसीबीत जातात. एमसीबी पाडली तरी त्या सर्किटचा न्यूट्रल पट्टीला चिकटलेलाच. तेव्हा एखाद्या सर्किटचा न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला किंवा ओल्या भिंतीला टेकला असेल, तर "एकेक एमसीबी वर करा" ही पद्धत तुम्हाला हमखास चुकीच्या जागी नेते.

न्यूट्रल टेकला तर काय बिघडलं, त्यात तर करंट नसतो, असा प्रश्न वायरमन मंडळीही विचारतात. टेस्टर लावला तर दिवा लागत नाही हे खरं. पण न्यूट्रल फक्त रोहित्रापाशी जमिनीएवढ्या दाबावर असतो. तिथून घरापर्यंत लांब वायर आहे, तिला स्वतःचा थोडा अडथळा आहे. समजा तो अर्धा ओहम आहे. घरात १००० वॅटची इस्त्री लावली, ४.३ अँपिअर वाहिले, की तुमच्या डीबीतला न्यूट्रल जमिनीपेक्षा दोन व्होल्ट वर चढला. गिझर, एसी मिळून १५ अँपिअर झाले तर साडेसात व्होल्ट. एवढ्याने शॉक बसत नाही. पण तीन व्होल्ट असताना न्यूट्रल आणि जमीन यांच्यामध्ये शंभर ओहमची ओली वाट असली, तर तीन भागिले शंभर, बरोबर ३० मिलिअँपिअर त्या वाटेने जमिनीत जातात. तेवढे आरसीसीबीतून परत येत नाहीत. ती पडते.

आता याची लक्षणं बघा, म्हणजे डोकं का चक्रावतं ते कळेल. लोड नसताना न्यूट्रल जवळजवळ जमिनीच्या दाबावर असतो, तेव्हा दोष असूनही काही होत नाही. घरात कुठेही मोठं काहीतरी चालू झालं की न्यूट्रल वर चढतो आणि आरसीसीबी पडते. दोष न्हाणीघराच्या सर्किटमध्ये, पडते हॉलमधला एसी लावल्यावर. शिवी एसीला. त्याहून मजा म्हणजे त्याच लाईनवर शेजाऱ्यांचा लोड वाढला तरी तुमचा न्यूट्रल चढतो, आणि मध्यरात्री घरात कुणी हात लावलेला नसताना कळ खाली येते. "आपोआप पडते" म्हणतात ती ही.

ओळखीतल्या एका घरी आरसीसीबी पडायची ती फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना. आधी गॅलरीतला फ्रिज दुरुस्तीला गेला, तिथे काही निघालं नाही. परत आणून लावला, पुन्हा तेच. मालक म्हणाले, "काका, मी सगळ्या एमसीबी पाडून बघितल्या, तेव्हा वरची राहते. एकट्या फ्रिजची वर केली की पडते. अजून काय पुरावा हवा?" पुरावा पक्का वाटतो, पण तो अपुरा आहे. फ्रिजचा प्लग काढायला लावला आणि दुसऱ्याच खोलीत, दुसऱ्या सर्किटवर इस्त्री लावायला सांगितली. इस्त्री लावल्याबरोबर आरसीसीबी पडली. इस्त्री तिसऱ्याच सर्किटवर नेली, तरी पडली. म्हणजे फ्रिजमध्ये गळती नाही, फक्त लोड येताना न्यूट्रल उचलला जातोय. मग मेन स्विच बंद करून न्यूट्रलच्या पट्टीवरून सगळे न्यूट्रल सोडवले आणि एकेक मोजला. बाहेरच्या दिव्यांचा न्यूट्रल अर्थिंगशी दीडशे ओहमवर बोलत होता.

गेटच्या खांबावरचा दिवा. त्याचा बल्ब कधीच गेलेला, बटण बंदच असायचं, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. झाकण काढलं तर आत मुंग्यांनी माती भरलेली, ती ओली चिकट, आणि त्या मातीत न्यूट्रलचा टेप सुटलेला जोड बुडालेला. फेज बटणापाशी तुटलेला असल्याने तिथे टेस्टर लावूनही काही दिसलं नसतं. दिवा कायमचा बंद होता. न्यूट्रल मात्र रोज ड्युटीवर होता. जोड कापून दोन्ही टोकं कोरड्या बॉक्समध्ये कनेक्टरने बंद केली, मोजलं, सगळे न्यूट्रल पुन्हा जोडले. इस्त्री आणि फ्रिज दोन्ही लावून बघितले. राहिली.

तेव्हा दुसऱ्या सर्किटवरची इस्त्री ही घरी करायची सगळ्यात उपयोगी चाचणी. लोड कुठल्याही सर्किटवर टाकला तरी आरसीसीबी पडत असेल तर उपकरणांना दोष देणं थांबवा आणि वायरमनला सांगा, "न्यूट्रल अर्थला लागलाय, एकेक सोडवून मोज." सगळ्या एमसीबी खाली असताना सुद्धा आरसीसीबी पडत असेल तर हाच संशय आणखी पक्का. त्या वेळी आरसीसीबीच बिघडलीय का हे ठरवायचं तर वायरमनने मेन बंद करून तिच्या घराकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी सोडाव्यात आणि नुसती ती चालू करून बघावी. एकटी असताना राहिली आणि टेस्ट बटण दाबल्यावर पडली, तर ती ठीक आहे. काही न जोडता पडली तर मात्र खुशाल बदला.

मोजताना मल्टिमीटरने न्यूट्रलची गळती बहुधा सापडते, कारण इथे शोधतोय ते शंभर-हजार ओहमच्या घरातलं. फेजच्या बारीक गळतीला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लागतो. मल्टिमीटरचे दोनतीन व्होल्ट ओलसर इन्सुलेशनला हलवतसुद्धा नाहीत. मेगर लावायच्या आधी सगळे प्लग काढलेले हवेत, नाहीतर टीव्ही-संगणकांवर संकट. आणि हे सगळं पाऊस पडत असतानाच्या दिवसांत करा. चार दिवस ऊन पडल्यावर मोजलं तर भिंत वाळलेली, आकडे उत्तम, आणि वायरमन तुमच्याकडे संशयाने बघणार.

गिझरचं वेगळं

गिझरच्या एलिमेंटमध्ये तापणारी तार आणि बाहेरची धातूची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साईडची पूड दाबून भरलेली असते. तीच इन्सुलेशन. ही पूड हवेतली ओल शोषते. उन्हाळाभर बंद ठेवलेला गिझर पहिल्या पावसात चालू केला आणि आरसीसीबी पडली, याचं कारण कधी कधी एवढंच असतं. पण क्षाराच्या पाण्याने नळीवर थर चढून तिला बारीक चीर गेली असेल तर पाणी थेट पुडीत जातं आणि मग एलिमेंट बदलण्यावाचून उपाय नाही. २००० वॅटच्या एलिमेंटची दोन टोकं मोजली तर २६ ओहमच्या आसपास दाखवतात, ते बरोबर असतं, म्हणून "एलिमेंट चांगलं आहे" असा निर्वाळा मिळतो. ते मोजणं वेगळं. टोक आणि टाकीची बॉडी यांच्यामध्ये मेगरने मोजायला हवं.

इथे एक प्रकार सर्रास चालतो आणि त्याची मला चीड आहे. गिझरची अर्थिंगची हिरवी वायर काढून टाकतात. आरसीसीबी पडायची थांबते, गिऱ्हाईक खूश, वायरमन पैसे घेऊन मोकळा. गळती गेलेली नाही, तिची जमिनीकडची वाट काढून घेतली. आता टाकी आणि नळाचं पाणी वाट बघतंय तुमच्या ओल्या हाताची. आरसीसीबी नंतर पडेलही, पण तुमच्या अंगातून करंट गेल्यावर. याच जातीचे दुसरे दोन जुगाड: सॉकेटमध्ये अर्थच्या पिनला न्यूट्रलचा तुकडा जोडणं, आणि ३०च्या जागी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवणं. पहिल्यात न्यूट्रल मागे कुठे तुटला तर उपकरणाच्या पत्र्यावर सरळ २३० व्होल्ट येतात. दुसऱ्यात माणसाचं संरक्षण जातं. ३०० मिलिअँपिअर हा आकडा आग टाळण्यासाठीचा आहे.

कोरड्या हवेतही लगेच पडत असेल

इन्व्हर्टर बसवल्यापासून किंवा वरची खोली काढल्यापासून पडायला लागली असेल आणि पावसाचा संबंध नसेल, तर गळती शोधू नका, जोडणी बघा. इन्व्हर्टरला फेज आरसीसीबीच्या आधीच्या ठिकाणाहून दिला आणि त्यावरच्या दिव्यांचे न्यूट्रल मात्र आरसीसीबीनंतरच्या पट्टीवरच राहू दिले, तर जाताना न मोजलेला करंट परत येताना मोजला जातो. नऊ वॅटचा एलईडी बल्बसुद्धा निदान ४० मिलिअँपिअर घेतो, तेवढ्याने कळ पडते. जिन्याच्या दिव्याचंही तेच: फेज खालच्या मजल्याचा, न्यूट्रल सोयीचा म्हणून वरच्या मजल्याचा, आणि दोन मजल्यांना दोन आरसीसीबी. दिवा लावला की एक तरी पडणार. यात काहीही जळलेलं किंवा ओलं नसतं. न्यूट्रल योग्य पट्टीवर नेला की विषय संपला.

सगळं तपासून झालं, कुठेच मोठी गळती नाही, तरी आठवड्यातून एकदा पडतेच, अशीही घरं असतात. संगणक, इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशिन यांच्या आतले फिल्टर मुळातच थोडा करंट अर्थिंगमध्ये सोडतात, एकेकाचा अर्धा-एक मिलिअँपिअर किंवा जरा जास्त. अशी दहाबारा उपकरणं एकाच आरसीसीबीवर असली की बेरीज दहाच्या वर जाते. ती १५लाही पडू शकते हे वर सांगितलंच. मग थोडी ओल किंवा लाईट परत येतानाचा झटका पुरतो. हे पक्कं करायचं तर वायरमनकडे मिलिअँपिअर दाखवणारा क्लॅम्पमीटर हवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही मिळून त्याच्या जबड्यात धरले की उरलेला फरक, म्हणजे गळती, समोर दिसते. साधा क्लॅम्पमीटर एवढं बारीक दाखवत नाही. उपाय म्हणजे घर दोन-तीन आरसीसीबींत वाटणं. न्हाणीघर आणि बाहेरचे दिवे एकीवर, खोल्या दुसरीवर, फ्रिज शक्यतो वेगळा. मे महिन्यात गावाला गेल्यावर गेटच्या दिव्यापायी फ्रिजमधलं सगळं नासायला नको. नवी घेताना इन्व्हर्टर एसी किंवा इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर असेल तर 'ए' प्रकारची मागा; जुनी 'एसी' प्रकारची या उपकरणांतून येणारी अर्धवट डीसी गळती नीट पकडत नाही.

ढगांच्या गडगडाटात एकदा पडली आणि वर केल्यावर राहिली, तर त्याच्या मागे लागू नका. पण घरातले काही दिवे एकदम मंद आणि काही भगभगीत झाले, तर तो वेगळाच प्रकार आहे: थ्री फेज लाईनचा न्यूट्रल बाहेर तुटलाय आणि तुमच्या टीव्हीला ३००-३५० व्होल्ट मिळत असू शकतात. लगेच मेन बंद करा आणि १९१२ला फोन लावा.

वायरमनला बोलवायच्या आधी डीबीच्या दारावर एक कागद चिकटवा. प्रत्येक वेळी पडली की वेळ, पाऊस होता का, त्या क्षणी काय चालू झालं, वर केल्यावर राहिली का, एवढं लिहा. शेजारी त्याच सुमारास पंप लावतात का, तेही. पाच-सहा नोंदी झाल्या की फेजची गळती आणि न्यूट्रलची गळती कागदावरच वेगळी दिसायला लागते: फेजची एका ठरावीक सर्किटशी बांधलेली असते, न्यूट्रलची लोडशी. आणि येणाऱ्या माणसाला फोनवरच विचारा, मेगर आहे का. "लागत नाही हो मेगर-बिगर, टेस्टरवर कळतं" असं उत्तर आलं तर दुसरा बघा.